फिरंगी वैद्याचा आवाज

कृष्णात मूळचा निपाणीचा. घरात मराठी, शाळा कन्नड. बंगळुरूत एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत तो ग्राहकांचे फोन घ्यायचा आणि सुट्टीला जयनगरच्या डबिंग स्टुडिओत आवाज द्यायचा. आजवर वाट्याला आले ते वॉचमन, हवालदार नाहीतर गर्दीतली माणसं. त्यामुळे डबिंगचं काम बघणाऱ्या गुरुराज सरांनी कन्नडमध्ये येणाऱ्या जपानी मालिकेतली मोठी भूमिका पुढ्यात ठेवली, तेव्हा त्याला आनंदाआधी शंकाच आली.

मालिका सामुराईंच्या काळातली. जहाज फुटून एक फिरंगी वैद्य एका सरदाराच्या गढीत येऊन पडतो. त्याच्या औषधाला कुणी हात लावत नाही. आधी त्याला स्वतःला ते प्यावं लागतं.

"मलाच का, सर?" कृष्णातनं विचारलं.

"तुझी कन्नड कानाला स्वल्प वेगळी लागते. तशीच बोल, सुधारू नकोस."

"सरी, बरं," म्हणाला तो, पण ते बोलणं मनात कुसळासारखं रुतलं. इतकी वर्षं इथं काढून आपण फिरंगीच? घरी बायको शिवलीला म्हणाली, "काम मिळालंय न्हवं? मग कशाला उकरत बसता?"

एका रविवारी डबा विसरला म्हणून तो अर्ध्या वाटेतून स्टुडिओत परतला. आतून आवाज आला आणि तो दारातच थबकला. रघुनंदन अण्णा, नाटकातले जुने नट, सरदाराचा आवाज देणारे, कृष्णातसारखे हेल काढून बोलत होते. गुरुराज हसत होते.

कृष्णातनं दार ढकललं. "माझ्या जागी अण्णांना घेताय का?"

अण्णा म्हणाले, "शेवटच्या भागात सरदार भर दरबारात वैद्याशी त्याच्याच बोलीत बोलतो. हा आपला माणूस आहे, हे सगळ्यांना कळावं म्हणून."

"मग हसणं कशाचं?"

"मला जमत नव्हतं. तुलाच विचारणार होतो, पण तू रागावशील असं वाटलं."

खरंही असेल, आत्ताच रचलेलंही असेल. कृष्णातनं संवादाचे कागद मागितले. प्रसंग खरंच होता. तेवढ्यावर तो खुर्ची ओढून बसला आणि शब्द कुठं लांबवायचा, कुठं आवाज चढवायचा, ते अण्णांना सांगू लागला. म्हातारा हट्टी, जमेपर्यंत सोडलं नाही. रेकॉर्डिंग झालं तेव्हा कुणी हसलं नाही. तरी कृष्णातची नजर पडद्यावर नव्हती, गुरुराजांच्या तोंडावर होती.

मालिका लागल्यावर ऑफिसातल्या एकानं विचारलं, "तुझा तो गोरा वैद्य कन्नड कुठं शिकला रे?" ही स्तुती की टोमणा, ते कृष्णातला कळेना. तो नुसता हसला.

महिन्याभरात गुरुराजांचा पुन्हा फोन आला. मोठंच काम होतं.

"पात्र गावातलं की बाहेरचं?" कृष्णातनं विचारलं.

"गावातलं. अस्सल इथलं."

"आधी कागद पाठवा, सर," तो म्हणाला. "वाचून सांगतो."