लल्ला बेयाचा एकच फोटो

माझा नवरा मोंजी हट्टी आहे, हे अख्ख्या महदियाला ठाऊक. चाळीस वर्षं त्यानं या गावातल्या नवऱ्यामुलींचे आणि मच्छीमारांचे फोटो काढले, पण उजेड मोजायचं यंत्र कधी हातात धरलं नाही. तळवा उन्हात धरायचा, त्याच्याकडे एकदा बघायचं आणि भिंगाचं कडं बोटांनी फिरवायचं, झालं. फोटो कधी फसला नाही, हेही खरं. म्हणून तर त्याला काही बोलायची सोय नाही.

दुकान बंद करून तीन वर्षं झाली. या वसंतात त्याची थोरली बहीण, लल्ला बेया, फोटोला तयार झाली. वय ऐंशी, आणि जन्मात फोटो नाही. तिचा मुलगा रिदा मार्सेलला असतो, कागदपत्रांपायी अकरा वर्षं घरी येऊ शकलेला नाही. त्याला आईचा चेहरा बघायचा होता. मी म्हटलं, फोनवर काढते की. छे! फोनमधला चेहरा कुठल्या परक्या पुरुषापुढे जाईल, सांगता येतं का? सख्ख्या भावानं काढायचा, त्यानंच घरी धुवायचा, आणि तोही एकदाच. तशी तिनं शपथच घेतली.

भर दुपारी, चुना दिलेल्या अंगणात लल्लानं अंगभर पांघरलेली पांढरी सफसारी तोंडावरून खांद्यावर घेतली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मोंजीनं तळवा धरला, कडं फिरवलं. मी वाकून बघते तर काय, आकडा चार! माझं डोकंच फिरलं. आकडा जितका लहान तितकं भिंगाचं भोक मोठं आणि उजेड जास्त, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे. असल्या उन्हात, पांढऱ्या भिंतीपुढे बावीस लावतात. चार लावतात ते गर्द सावलीत; उन्हात लावलं तर फोटो पांढराफटक.

"मोंजी, बावीस लाव."

"ढग आलाय. दिसत नाही का तुला?"

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मला फोटो शिकवतेस का, म्हणाला. लल्ला वैतागली, तिचे गुडघे दुखत होते. भांडण नंतर करा, म्हणाली. मोंजीनं बटण दाबलं आणि ती तोंड झाकून आत गेली.

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो अंधारखोलीतून कागद घेऊन खिडकीशी आला. कागदावर कोपऱ्यात बांगडीची पुसट रेघ होती, बाकी सगळं कोरं. आता रिदाला काय तोंड दाखवायचं? चांगलं खडसवायचं म्हणून मी पुढे झाले. मोंजी कागद नाकाशी धरून बघत होता.

"चेहरा जरा काळाच आलाय," तो म्हणाला. "तुझं ऐकून बावीस लावलं असतं, तर काहीच दिसलं नसतं."

मी कागद बाजूला ठेवला आणि खिडकीच्या उजेडात त्याचे डोळे बघितले; ढग तिथे होता.