उत्तम अभिनयाचा नारळ

माझ्या सासूबाई दरवर्षी सिनेमावाल्यांना बक्षिसं द्यायच्या. हसू नका. लग्न होऊन आचऱ्याला आले तेव्हा मीही हसले होते आणि मग गप बसले. कारण बक्षीस म्हणजे खराखुरा नारळ असायचा. तो तुळशीपुढे ठेवून, पदर खोचून, देवळात गावकार, म्हणजे गावचा मानकरी, घालतो तसं सासूबाई गाऱ्हाणं घालायच्या.

"बा देवा म्हाराजा! ह्या वर्सा त्या बाईन जा काय काम केल्यान, ता मनापासून केल्यान. तिचा बरा कर, तिचे पिच्चर चलांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेजारणी आणि मी एका सुरात ओरडायचो. मग नारळ फुटायचा, खोबरं वाटलं जायचं. त्या नटीला बिचारीला पत्ताही नसायचा, की कुठल्या परसात आपल्या नावाचं खोबरं कोण खातंय.

ऐंशीनंतरची ती सालं. मालवणात कुणाकुणाकडे व्हिडिओ आल्याचं ऐकत होतो, पण आमचा सिनेमा म्हणजे तंबू. भात कापून झालं की बाजाराजवळच्या मळ्यात तो उभा राहायचा आणि पावसाच्या आधी गुंडाळला जायचा. सासरे वारलेले, नवरा बोटीवर. घरात आम्ही दोघी आणि एक म्हैस. म्हशीची धार काढून, भाकरी खाऊन आम्ही चटई घेऊन तंबूत जायचो. एकही सिनेमा चुकवायचो नाही. तंबू गुंडाळला, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बक्षिसं.

बक्षिसं कशाकशाची? खरोखर जेवणाऱ्या नटाला एक. "बाकीचे नुसते भात चिवडतत," असं त्यांचं म्हणणं. मार खाल्ल्यावर ज्याला दुसऱ्या दिवशीही दुखतं त्याला एक. आणि सगळ्यांत मोठा, शेंडीचा नारळ उत्तम अभिनयाचा. गाणी, कपडे, नटीचं रूप, कशाशी म्हणून त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यावरून आमची भांडणं व्हायची. मी कट्टा गावची, बाजारपेठेतली, शिकलेली. मला वाटायचं मला जास्त कळतं. दरवर्षी तोंडावर पडायचे.

त्या वर्षी मात्र माझ्या जिवाला वेगळाच घोर होता. मी डीएड केलेलं. उन्हाळ्यात शाळेवर नेमणूक झाल्याचा कागद आला, तोही रेडीचा. रेडी म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथे खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, दुसरा उपाय नव्हता. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की रात्री स्वप्नातसुद्धा मी फळ्यावर लिहीत असायचे. पण सासूबाईंना एकटं टाकून कशी जाऊ? नवऱ्याला पत्र घातलं, तर त्याचं उत्तर, 'आई सांगेल तसं कर.' आणि आई काय सांगतात? कागद दाखवला तर म्हणाल्या, "रेडी खूप लांब गो." आणि म्हशीला गवत घालायला निघून गेल्या.

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? हो की नको? इथेच तर घोडं पेंड खात होतं. त्या घरात सरळ विचारायची आणि सरळ सांगायची पद्धतच नव्हती. विहीर खणायची असो की मुलगी द्यायची असो, देवळात जाऊन कौल लावायचा. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण देवाला प्रश्न घालायचा तो घरातल्या मोठ्यांनी. सुनेनं परस्पर जाऊन विचारायची सोय नव्हती. मी रोज सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते. कधी वाटायचं, आज खुशीत दिसतायत, म्हणजे हो. तेवढ्यात त्या उसासा टाकायच्या. झालं! मी पुन्हा होते तिथेच.

अशात तंबू गुंडाळला गेला आणि बक्षिसांची संध्याकाळ आली. मोठ्या नारळासाठी दोघी नट्या होत्या. एकीने डॉक्टरीण केली होती. घरच्यांचा विरोध पत्करून, बॅग उचलून ती घराबाहेर पडते, असा प्रसंग. तो बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. दुसरी होती घरातली थोरली सून. तिला रेडिओवर गायला बोलावणं येतं, ती उंबऱ्यापर्यंत जाते, आणि आतून सासूचा खोकला ऐकून माघारी फिरते. मी अर्थातच डॉक्टरणीच्या बाजूने. बोलताना माझा आवाज चढला, शेजारणी माझ्याकडे टकामका बघायला लागल्या.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती बॅग रिकामी होती गो. भरलेली बॅग कोण अशी उचलता? खांदो वाकडो जाता." आणि नारळ हातात घेऊन उठल्या. "ती सून बघलंस? मागे फिरली, चपला काढल्यान आणि पायान सारख्या करून ठेवल्यान. आता जावचा नाय म्हटल्यार बाई अशीच करता. नारळ तिचो."

"व्हय म्हाराजा!" सगळ्या ओरडल्या. मी मनात म्हटलं, हाच कौल. आणखी कसं सांगायचं त्यांनी? घराबाहेर पडणारीची बॅग रिकामी, आणि उंबऱ्यावरून फिरणारीला नारळ! खोबऱ्याचा तुकडा हातात घेतला आणि तसाच म्हशीपुढे टाकला.

दोन दिवस उलटायच्या आत मी मालवणच्या शिक्षण कचेरीत जाऊन, मला ही नेमणूक नको, असं लिहून देऊन आले. घरी येऊन सांगितलं, "मी नाय जावचंय रेडीक." सासूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बरा." बस्स, एवढंच! मी चुलीपुढे बसून रडले आणि धुरामुळे डोळे चुरचुरले असं म्हटलं.

शाळा उघडल्यावर एकदा विहिरीवर शेजारच्या काकूंनी विचारलं, काय गो, नोकरी कित्याक सोडलंस? मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "तिचा तिणा ठरवल्यान." मी कळशी आपटलीच.

"माझा मी ठरवलंय? तुमीच नारळ दिलात ना त्या सुनेक?"

"तो नारळ कामाचो होतो!" सासूबाई कडाडल्या. "ती काम बरा करता म्हणान दिलंय. तशी तू वाग म्हणान कोणी सांगल्यान? गेल्या वर्सा मी खुनी माणसाक नारळ दिलंय, मगे तू काय सुरी घेवन निघालंस?"

काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बरोबर होतं सासूबाईंचं. मग मी काय केलं हे? हात दाखवून अवलक्षण!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या मला घेऊन मालवणच्या कचेरीत गेल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. टेबलापाशी उभ्या राहून, एरवी कधी न बोललेल्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "साहेब, आमच्या सुनेकडून गैरसमज झालेला आहे. तो रद्द करण्यात यावा." कारकून भला माणूस होता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, कागद पाहिले आणि म्हणाला, "ती जागा भरली हो, आई. यादीतली पुढची मुलगी हजरसुद्धा झाली."

स्टँडवर येऊन बसलो. मग सासूबाई समोर बघत म्हणाल्या, "एक सांगू? तू नाय जावचंय म्हणालंस, तेव्हाच माका कळला, तू त्या नारळावरसून धरलंस. कळला आणि मी गप रवलंय."

मला आधी नीट समजलंच नाही. "कित्याक?" मी विचारलं.

"घर खावक उठता गो एकटीक."

मला असा राग आला, की तिथेच त्यांना सोडून चालत सुटावंसं वाटलं. ओरडायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? नऊवारीच्या पदराने त्या डोळे पुसत होत्या, आणि ते रडणं अगदी खरं होतं, एवढं कळण्याइतकं त्यांनीच मला तंबूत शिकवलं होतं. ह्या बाईचा द्वेष करावा की हिला जवळ घ्यावं? मला ठरवता येईना. अजूनही आलेलं नाही.

एसटी आली. अर्धी रिकामीच होती. सासूबाई चढल्या आणि खिडकीजवळ बसल्या. मी पार मागच्या बाकापर्यंत गेले, थोडा वेळ उभी राहिले, आणि परत येऊन त्यांच्याच शेजारी बसले.