सहा नंबरचा टी-शर्ट

शालनला राजकारणातलं काय कळतं, असं विचारणाऱ्यांनी आधी तिच्याकडून एक ब्लाउज शिवून घ्यावा. गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ. कोण लग्नानंतर सुटली, कोण सासू गेल्यावर सुटली, कोण पोरीच्या काळजीनं वाळली, सगळा हिशेब तिच्या टेपला ठाऊक. अशा बाईला गाव कळत नसेल, तर मग कळणार तरी कुणाला?

कार्ल्याहून आत वळलं की इंद्रायणीच्या अलीकडे हे गाव. वरची आळी शेतीवाल्यांची, खालची बौद्धांची, आणि दोन्ही मिळून एकच वॉर्ड. शालन खालच्या आळीतली. वय अठ्ठेचाळीस. नवरा प्रदीप तळेगावच्या कंपनीत, तो साडेसहाला कंपनीची बस पकडतो. मुलगी यशोधरा तुंगार्लीतल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर, ती आठला निघते. मागे उरते शालन आणि तिचं मशीन.

आता या गावची एक गंमत ऐका. नळाला पाणी यायचं सकाळी अकरा वाजता. अकराच का? तर पाणी सोडणारा गृहस्थ आधी डेअरीला दूध घालणार, मग घरी येऊन निवांत जेवणार, मग ढेकर देत टेकाडावर चढून टाकीचा व्हॉल्व्ह उघडणार. तो पडला विठ्ठलरावांचा चुलतभाऊ, आणि विठ्ठलराव म्हणजे वरच्या आळीतलं बडं प्रस्थ. मग बोलणार कोण? घरातल्या नळाला पाणी चढायचं नाही, त्यामुळे दोन्ही आळ्यांच्या मधल्या नळावरून हंडे वाहायचे. अकराला घरात जी बाई असेल, तिनं वाहायचे. म्हणजे प्रत्येक घरात एक बाई पाण्यासाठी राखून ठेवलेली. शालन वीस वर्षांपूर्वी एका कंपनीत पॅकिंगला जायची. या अकराच्या पाण्यानं ती नोकरी गेली. मशीन घरात आलं ते काही हौसेनं नाही.

आणि पंचायतीच्या निवडणुकीच्या वर्षी गणपतीनंतर लोणावळ्याच्या एका शिवणक्लासच्या बाईंचा फोन आला. "शालनताई, जानेवारीपासून मुलींना शिकवायला याल का? दहा ते दोन." शालन आनंदानं "येते की!" म्हणून बसली. तिला आयुष्यात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं, आता पंचवीस पोरी म्हणणार होत्या. फोन ठेवला आणि मग आठवलं, अकराला पाणी. त्या दिवशी ती मशीनवर बसून रडली, हे खोटं कशाला सांगू? रडून झाल्यावर मात्र तिचं डोकं फिरलं.

"एक नोकरी पाण्यात गेली," ती प्रदीपला म्हणाली. "दुसरी न्हाई जाऊ द्यायची. मी हुबी ऱ्हाते."

"कुटं?"

"नळावर! अहो, ग्रामपंचायतीला!"

प्रदीपचा घास हातातच राहिला. वॉर्डातली जागा यंदा सर्वसाधारण महिलेची होती. खालच्या आळीची राखीव जागा नसताना तिथली बाई उभी राहते म्हणजे काय! वरच्या आळीत कुजबुज झाली, आणि विठ्ठलरावांनी आपल्या बायकोचा, नंदाबाईचा अर्ज भरून टाकला. नंदाबाईंना विचारून? छे! सही कुठं करायची तेवढं सांगितलं.

मागणी शालनची एकच. पाणी सकाळी सहाला. त्याला ना निधी लागतो, ना मंत्री. फक्त एका माणसानं जेवायच्या आधी व्हॉल्व्ह उघडायचा.

पण प्रचार करायचा कसा? विठ्ठलरावांचे बॅनर कमानीएवढे. शालनकडे काय होतं? कात्री. आणि तिच्या ध्यानात आलं की गावातल्या प्रत्येक घरात मागच्या निवडणुकांचे फुकट टी-शर्ट पडलेत. सगळ्या पक्षांचे, सगळ्या साहेबांचे. भातलावणीला, कापणीला बायका साडीवर तेच चढवतात. शालननं घरोघर फिरून चाळीस गोळा केले, धुतले, उसवले आणि उलटे करून पुन्हा शिवले. छापील बाजू आत, कोरी बाहेर. सगळे साहेब गेले आत. एकाच्या मिशा तेवढ्या पातळ कापडातून आरपार दिसत राहिल्या, त्याला इलाज नव्हता.

"बसू दे आत," शेजारची लीलाबाई म्हणाली. ती पासष्टीची, तोंडानं तिखट. "लय वर्सं एशीत बसला. आता जरा आमचा घाम पिऊ दे त्याला."

प्रदीपच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे होता. यशोधरानं त्यावर भला मोठा ६ काढला, शालननं तो ब्लेडनं कापला. भांडी घासायचा स्पंज काळ्या रंगात बुडवून पाठीवर थापायचा, की सहा उमटला. छातीवर काय? छातीवर निवडणुकीचं चिन्ह. शालननं दुसऱ्या फिल्मवर शिलाई मशीन कापलं.

"आई, चिन्ह अजून मिळालं नाहीये," यशोधरा म्हणाली. "वाटप सोमवारी आहे."

"अगं, यादीत शिलाई मशीन हाय. मी शिंपीण. दुसरं कोण मागंल मशीन? त्या विठ्ठलरावाला सुईत दोरा तरी ओवता येतो का?"

झालं. रविवारी अंगणातल्या दोरीवर चाळीस टी-शर्ट वाळत घातले, चाळीस मशीनं उन्हात चमकली, आणि अख्ख्या गावानं येता-जाता पाहिली. विठ्ठलरावांनीही पाहिली.

सोमवारी तालुक्याला चिन्हं वाटली. नंदाबाईंच्या नावानं पहिली मागणी काय? शिलाई मशीन! दोघींनी एकच मागितलं म्हणून चिठ्ठी टाकली, आणि मशीन गेलं नंदाबाईंकडे. शालनच्या पदरात पडलं कपाट.

बाहेर आल्यावर विठ्ठलराव मिशीत हसत म्हणाले, "शालनताई, आमचे टी-शर्ट लय झ्याक झाल्यात. कधी वाटताय?"

शालन ताठ मानेनं घराकडे निघाली. घरी टी-शर्टांचा ढीग बघून मात्र ती मटकन खाली बसली. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या रंगानं तिनं नंदाबाईंचा प्रचार करून ठेवला होता. खोडता येईना, धुता येईना, पक्का रंग. यशोधरा "मी सांगत होते" म्हणाली नाही, एवढी पोर शहाणी.

तेवढ्यात लीलाबाई उंबऱ्यात. तिनं आपला टी-शर्ट मापाला म्हणून आधीच नेऊन कापणीत वापरलाही होता, हावरट मेली. "शालन, ह्याचं काय तरी कर बाई. मोबाईल कमरंला खोचला तर वाकलं की पडतो. आज दोनदा भातात हुडकला. ह्याला खिसा न्हाई व्हय लावता येत?"

शालननं वर पाहिलं. "कुटं लावू?"

"हितं." लीलाबाईनं छातीवर, बरोबर मशीनवर, बोट ठेवलं.

शालन इतकी मोठ्यानं हसली की प्रदीप न्हाणीतून तसाच बाहेर आला.

ब्लाउजच्या अस्तरांच्या चिंध्यांची दोन गाठोडी घरात होती. लाल, पोपटी, जांभळी, चटणी रंगाची. तीन दिवसांत चाळीस मशीनांवर चाळीस खिसे बसले. प्रत्येक खिशात कपाटाचं चित्र काढलेली एक चिठ्ठी. आणि काय सांगू, बायका नुसत्या तुटून पडल्या. आजवर कुठल्या पक्षानं बाईला खिसा दिला होता? मोबाईल, तपकिरीची डबी, घराची किल्ली, सगळं हाताशी. वरच्या आळीतल्या बायका मागच्या दारानं निरोप पाठवू लागल्या. शालननं त्यांनाही दिले. भात कापायला ओणव्या झालेल्या बायकांच्या पाठीवर, या बांधापासून त्या बांधापर्यंत, नुसते सहा.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात खुद्द नंदाबाई आल्या. त्यांचं ब्लाउज शालनकडेच शिवायला होतं, वीस वर्षं शिवायला असायचं. प्रचाराच्या सांगता सभेला घालायचं होतं. एखादीनं बाही आवळून सूड घेतला असता. शालननं घेतला नाही. निवडणूक निवडणुकीच्या जागी, बाही बाहीच्या जागी.

"वैनी, हात वर करा."

नंदाबाईंनी हात अर्धाच वर केला. "पुढं जात न्हाई गं. हंडं उचलून उचलून खांदा धरलाय. गुडघं तर कवाच गेलं." मग दाराकडे बघून, "शालन, सहाला खरंच येईल का गं पाणी?"

"का न्हाई येणार? टाकी रात्रीच भरती की. सोडायचाच उशीर."

नंदाबाईंनी पदर सावरला. ब्लाउज घेऊन गेल्या. शालनला वाटलं, नवऱ्यानं विरोधकांचा अंदाज घ्यायला धाडली असणार.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे रांग लागली आणि रांगेत वीस-पंचवीस टी-शर्ट. विठ्ठलरावांनी आकाशपाताळ एक केलं. "साहेब, बघा! चिन्ह घालून आल्यात!" बंदोबस्ताला होत्या एक हवालदारबाई. त्या आल्या, समोरून बघितलं, मागून बघितलं.

"चिन्ह कुठंय?"

"खिशाखाली हाय!" विठ्ठलराव ओरडले.

"खिशाखाली काय आहे?"

"मशीन!"

"मशीन कुणाचं?"

विठ्ठलरावांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मशीन तर त्यांचंच. सगळी रांग खिदळायला लागली.

"आणि हा सहा कसला?" हवालदारबाईंनी लीलाबाईला विचारलं.

"नंबर हाय. किरकेटवाल्यांचा नसतो का पाठीवं?"

"सगळ्यांचा एकच?"

"आमची टीमच तशी हाय, बाई."

हवालदारबाईंनी ओठ चावून हसू दाबलं. पण कायदा तो कायदा, पदर पाठीवरून ओढून घ्या म्हणाल्या. सगळ्यांनी ओढून घेतले. चिठ्ठ्या आदल्या दिवशीच काढून ठेवायला शालननं बजावलं होतं, त्यामुळे खिशांत सापडल्या फक्त किल्ल्या आणि डब्या.

मोजणी दुसऱ्या दिवशी तालुक्याला, वडगावला. नंदाबाई दोनशे अकरा. शालन दोनशे बारा. विठ्ठलरावांनी फेरमोजणी मागितली. पुन्हा दोनशे बारा. शालननं प्रदीपचा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस वळ राहिले. खालच्या आळीत गुलाल उधळला, "जय भीम"च्या आरोळ्यांनी कानठळ्या बसल्या, आणि मग सुरू झाला हिशेब. खालच्या आळीची एवढी, वरच्या आळीच्या सुनांची एवढी, आणि ते एक जास्तीचं कुणाचं? लीलाबाई म्हणाली माझं. प्रदीप म्हणाला माझं. जो तो छाती फुगवून म्हणे, माझ्याच मतानं शालन आली.

पहिल्याच बैठकीत शालन पाण्यावर बोलायला उभी राहिली ती ठराव झाल्याशिवाय बसलीच नाही. विरोध कोण करणार? सहाला पाणी नको, असं तोंडानं म्हणायचं कसं? विठ्ठलरावांच्या चुलतभावाला सांगण्यात आलं, आधी व्हॉल्व्ह, मग डेअरी.

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी, थंडीनं हात आकडलेले असताना, सहाला नळ खाकरला आणि धो धो सुटला. शालननं, यशोधरानं, बसला निघालेल्या प्रदीपनं मिळून अर्ध्या तासात घर भरलं. नऊला शालन इस्त्रीची साडी नेसून, कात्री-टेप पिशवीत टाकून क्लासला निघाली.

दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, वरच्या आळीला पाणी नीट पुरतंय का बघावं, आता मेंबर आहे ना आपण. सव्वासहाला ती वर चढली. समोरून बनियन आणि मफलर अशा थाटात विठ्ठलराव येत होते. खांद्यावर हंडा, हातात कळशी, लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला. मागून त्यांचा मुलगा, त्याच्याही खांद्यावर हंडा. शालनकडे न बघता दोघं आत गेले. ओट्यावर नंदाबाई शाल पांघरून बसल्या होत्या. हातात चहाची कपबशी.

"ये, बस," त्या म्हणाल्या.

शालन बसली. नंदाबाईंनी बशीतला चहा फुर्र करून संपवला.

"अकराला घरात मी एकलीच असायची. समदं गडी बाहेर. तीस वर्सं मी एकलीनं वाहिलं पाणी." त्यांनी हळूच दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "सहाला समदी घरात असत्यात. आता कुटं पळतील?"

शालनला हसू आवरेना. "वैनी, म्हंजे तुमाला..."

"एका मतानं आलीस न्हवं? लोकं हुडकत्यात म्हनं कुणाचं." नंदाबाईंनी कपबशी खाली ठेवली. "मी माझं मत मला दिलंच न्हाई. तुला दिलं. कुणाला बोलू नगंस, घरात तंटा व्हईल."

शालनचे डोळे भरून आले. तिनं त्यांचा हात धरला, दुखऱ्या खांद्याचा, जपून. तेवढ्यात विठ्ठलराव रिकामा हंडा घेऊन बाहेर आले आणि दोघींना तशा बघून जागीच थबकले.

"बघत काय हुबं ऱ्हायलात?" नंदाबाई म्हणाल्या. "अजून चार खेपा हायेत."