नळीचा न्याय

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. परवा आमच्याकडं विषमतेवर चर्चासत्र झालं. आमच्या विभागप्रमुख सरांनी तासभर बजावलं, की समाजशास्त्रज्ञानं विषमता फक्त मोजावी, न्याय-अन्यायाच्या गोष्टी कीर्तनकारांवर सोडाव्यात.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील कबनूरला यंत्रमागावर राबतात. तिनं उठून विचारलं, "सर, यात काही चूक आहे असं वाटतच नसेल, तर मोजायचं तरी कशाला?"

"भावनेच्या आहारी जायचं नाही," म्हणून सरांनी तिला खाली बसवलं.

दुपारी मटणाची पंगत बसली. आमच्याकडं पंगतीत माणसाची किंमत वाढप्याच्या पळीवरून कळते. मानाच्या माणसाला नळीचं हाड, बाकीच्यांना रस्सा. वाढप्यानं संस्थेच्या संचालकांना नळ्या वाढल्या आणि सरांच्या वाटीत नुसता रस्सा ओतून तो पुढं गेला. सरांची पुस्तकी भाषा तिथंच सुटली.

"ओ पावणं, ह्यो अन्याय हाय की. एका पंगतीत बसवून असा दुजाभाव? समद्यांस्नी सारखं वाढाय नको व्हय?"

सकाळी ज्याला शास्त्रात जागा नव्हती, ते सगळं वाटीभर रश्श्यात तरंगून वर आलं. मी म्हटलं, "सर, तुम्ही फक्त मोजा."

त्यांनी वाटी वाढप्यापुढं धरली. नळी आली तसे शांत झाले आणि ती चोखत चोखत पुन्हा शास्त्रज्ञ झाले. समोरच ती मुलगी नुसत्या रश्श्यात भात कालवत होती. त्याला अन्याय म्हणावं, असं सरांना काही वाटलं नाही.