चेहऱ्याची वाटणी

माझी लेक कॉम्प्युटरवर माणसं घडवते. खरी नव्हेत, खऱ्यासारखी दिसणारी. परवा चहा घेऊन तिच्या मागे उभी राहिले, तर पडद्यावर एक बाई आकाराला येत होती. नाक माझ्या नणंदेचं, डोळे सासूबाईंचे. लेकीनं घरातलेच फोटो एकमेकांत मिसळले होते.

मला तिचं बारसं आठवलं. पाळण्याभोवती बसून सासरच्या बायकांनी त्या एवढ्याशा चेहऱ्याची वाटणी केली होती. नाक आत्याचं, जिवणी आजीची, कानसुद्धा काकाचे. पोटात मी वाढवली, पण माझ्या वाट्याला हनुवटीही आली नाही. तरी मी हसतमुखानं घुगऱ्या वाटत राहिले.

आता या पडद्यावरच्या बाईचाही हेवा वाटला. लेक तिच्या गालावरची सावली किती मायेनं सारखी करत होती. माझ्याकडे तिनं असं निरखून कधी पाहिलं होतं?

"छान झालीय," मी म्हटलं. "सगळी आत्यावर गेलीय."

"सकाळपर्यंत निर्जीव वाटत होती गं. मग तुझं एक घेतलं."

"माझं काय?"

तिनं बटण दाबलं. बाईनं आमच्याकडे मान वळवली आणि तिच्या भुवयांमध्ये बारीकशी आठी उमटली. काहीतरी मिळालं नाही, पण बोलायचंही नाही, अशी.

"बारशाच्या फोटोत सापडली," लेक म्हणाली. "सगळ्या हसतायत आणि घुगऱ्यांचं पातेलं घेऊन तू अशी."

मी कपाळावरून हात फिरवला. आठी अजून तिथंच होती.