सुई थांबेपर्यंत

नव्या कॅमेऱ्यासाठी उजेड मोजणारा लाइट मीटर कोणता घ्यावा, हे विचारायला मी महिनाभर पांढुर्ण्याच्या एका फोटोवाल्याकडे जात होतो. बोलताना तो माणसाकडे नाही, त्याच्या चेहऱ्यावर पडलेल्या उजेडाकडे पाहायचा.

"किती दिवस पाहून राहिले, गुरुजी? सुईवाला घ्या. त्याले सेल लागत नाही."

मी ठरवत राहिलो आणि आई गेली. तिचा एकही फोटो नव्हता.

निरोप मिळताच फोटोवाला आला. लग्नात कधी मीटर न काढणारा हा माणूस ओसरीत आईजवळ बसला आणि तिच्या गालापाशी मीटर धरून सुई थांबेपर्यंत पाहत राहिला.

"इथं अंदाज नाही चालत," तो हळूच म्हणाला.

आठवड्याने दुकानात त्याने फोटो माझ्यासमोर पालथा ठेवला. "घरी जाऊन पाहा," एवढं बोलून तो आतल्या खोलीत गेला, आणि मी निघेपर्यंत बाहेर आला नाही.