भिंतीकडची खुर्ची

पडद्यावर लढाई सुरू झाली, की आमची विमलआक्का डोळे मिटून घ्यायची. रक्ताची भीती म्हणून नव्हे, तिला लढाईचा चक्क कंटाळा यायचा. तलवारींचा खणखणाट थांबून राणीवसा दिसला, की ती पदर सावरून ताठ बसायची आणि माझ्या दंडाला चिमटा काढून विचारायची, "दार कोण लावायलंय, बघितलंस का?"

विमलआक्का माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन राणीसावरगावला आले, तेव्हा तिला त्या घरात नऊ वर्षं झाली होती. शेती भरपूर, माणसं भरपूर, आणि बायकांनी गावाबाहेर पडायची कारणं तीनच: बाळंतपण, कुणाचं लग्न, नाहीतर मयत. अलीकडे त्यात ऐतिहासिक सिनेमाची भर पडली होती. एरवी सिनेमा म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या, मामंजींच्या भाषेत थेरं. पण राजे-महाराजांचा सिनेमा परभणीला लागला, की ते स्वतः जीप काढायला लावायचे. गंगाखेडच्या पुलावर टोपी काढून गंगेला, म्हणजे गोदावरीला, हात जोडायचे आणि थिएटरच्या दारात सगळ्यांना चपला काढायला सांगायचे. "हितं पायात घालून जायचं नसतंय." मग आमची वरात सांडलेल्या लाह्यांवरून अनवाणी आत जायची. लोक बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बसायची रीतही ठरलेली होती. बाया भिंतीकडे, मग पोरं, मग आमचे नवरे आणि वाटेच्या कडेला मामंजी. आक्काची खुर्ची अगदी भिंतीला चिकटून. एकदा तिला मध्येच बाहेर जायचं होतं. सगळ्यांचे गुडघे ओलांडून मामंजींच्या पुढून जाण्यापेक्षा तिनं शेवटपर्यंत कळ काढली.

सिनेमाचा खरा समाचार ती दुसऱ्या दिवशी चुलीपुढे घ्यायची. "झोपताना नथ, गळ्यात चार पदरी हार! हिला कूस तरी बदलता यायलीय का?" राणी घोड्यावरून दौडत गेली आणि थिएटरात शिट्ट्या पडल्या, त्यावर आक्काचं म्हणणं वेगळंच. "घोडा तिला कुणी सोडून दिला, ते दाखवलंच न्हाई. तलवारीचं काय, ती भिंतीलाच अडकवलेली व्हती. राणी तबेल्यातनं भायेर कशी आली, ते सांगा की." मी हसायचे. ती हसायची नाही.

आक्का बारावी झालेली होती, तीही चांगल्या मार्कांनी. मागच्या वर्षी गावातल्याच अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली. घरापासून चार गल्ल्यांवर. अर्ज गंगाखेडला सोमवारपर्यंत द्यायचा होता आणि त्याला बारावीचा मार्कमेमो, म्हणजे गुणपत्रिका, लागत होता. तो मामंजींच्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या करदोड्याला. आठवडाभर ती मोठ्या भाऊजींच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, मागे लागली. त्यांचं एकच उत्तर, "आबाला इचार." आबाला म्हणजे मामंजींना विचारणार कोण?

नेमका त्या रविवारी आम्ही एका राणीचा सिनेमा पाहिला. दुपारचा खेळ होता. राणी दरबारात उभी राहून भल्याभल्यांना सुनावते, तेव्हा मामंजी हमसून हमसून रडले. परत येताना जीपमध्येही उपरण्यानं डोळे पुसत होते. "काय बाई व्हती! अशा बाया पायजेत घराघरात," ते म्हणाले.

तेवढ्यात मागच्या सीटवरून आक्का बोलली. मामंजींपुढे न विचारता बोललेली मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. "मामंजी, माझा मार्कमेमो काढून देता का? अंगणवाडीचा फारम भरायचाय. उद्या शेवटचा दिवस हाय."

जीप चालवणाऱ्या माझ्या नवऱ्यानं वेग कमी केला. मामंजींनी नाक पुसलं. "देतो की. शिकलेली हायस, कर काम. सकाळी घे." आक्कानं माझा हात घट्ट धरला. घर येईपर्यंत तिनं हात सोडला नाही.

सकाळी ती लवकर न्हाली, ठेवणीतली साडी नेसली, भरलेला अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घालून तयार राहिली. मामंजींनी चहा घेतला, टोपी घातली आणि "सोनपेठला पावण्याकडं काम हाय," म्हणून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून निघून गेले. किल्ली कमरेलाच. आक्का दुपारपर्यंत त्याच साडीत ओसरीवर बसून होती. मोठे भाऊजी शेतातून आले, जेवले, पुन्हा शेतात गेले. मामंजींचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. लावता आला असता. मी भाकरी थापत राहिले. याची लाज मला आजही वाटते, आणि ती कुणापुढे बोलायचीही सोय नाही.

ते परतले दिवेलागणीला. आक्कानंच त्यांना ताट वाढलं. चार घास खाल्ल्यावर ते अगदी मायेनं म्हणाले, "त्या राण्या व्हत्या, विमल. आपून शेतकरी माणसं." चिडले असते तर भांडता तरी आलं असतं. आक्कानं त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी परभणीला नवा सिनेमा लागला. किल्ले, घोडे, भगवे झेंडे, सगळं होतं. मामंजींनी सकाळीच हाळी दिली, "आवरा गं बायांनो!" पोरं जीपमध्ये जाऊन बसली. मीही पावडर लावून बाहेर आले. आक्का अंगणात शेंगा निवडत होती. ती उठली नाही.

"विमल, चल की," मामंजी म्हणाले.

"माझा बघून झालाय."

"कसा बघितलास? परवा तर लागलाय. नवा हाय."

आक्कानं मान वर केली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "नवा असू द्या. माझा बघून झालाय."

मामंजी जीपमध्ये जाऊन बसले. वर्षातून दोनदा मिळणारी गावाबाहेरची हवा तिनं आपल्या हातानं सोडली होती. तिच्याजवळ बसून शेंगा निवडाव्यात, असं मला फार वाटलं. नवऱ्यानं हॉर्न वाजवला, आणि मी जीपमध्ये चढले. त्या दिवशी भिंतीकडच्या खुर्चीवर मी बसले.